22 जून का 23 जून? एका तारखेचा फुटबॉलवाला हिशेब

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात माळ्यावर कालनिर्णयची जुनी पानं सुतळीनं बांधून ठेवल्यात, कारण आजीचं म्हणणं, कॅलेंडर रद्दीत घालायचं नसतं, त्यावर देव असतात. देवांबरोबर त्याच्यावर दुधाचा हिशेब पण असतोय, गॅस कधी लागला, कामवाली कधी आली नाही, कोणाची मुंज, सगळं. मागच्या पावसाळ्यात माळा गळायला लागला म्हणून ती गठडी खाली काढली आणि 1986 च्या जूनचं पान हातात आलं. 23 तारखेच्या चौकोनात काकांच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं, शाई पाण्यानं फुगलेली, आधीचे दोन-तीन शब्द पार गेलेले, खरं शेवटचा शब्द स्पष्ट होता. मॅराडोना.

आता मी फुटबॉलवेडा माणूस, लगेच म्हटलं, काका, तारीख चुकलीय तुमची, अर्जेंटिनाच्या मॅराडोनाची ती मॅच 22 जूनला झाली, सगळ्या जगात 22 जूनच लिहितात. काका चहा पीत बसलेले, म्हणाले, "जगाचं मला काय सांगालास, मी बघितलोय की रात्रभर जागून. 23 च."

आणि गंमत म्हणजे दोघांचं पण बरोबर आहे. त्या एका चौकोनावरनं मी जे शोधत बसलो ते सांगतो, कारण "आजच्या दिवशी फुटबॉलमध्ये काय झालं" असली माहिती दर दिवशी मोबाईलवर येऊन पडते आणि आपण वाचतो आणि वाटतं की बापरे, ह्या तारखेत काहीतरी जादू आहे. 22 जून तर त्यातली राणीच. खरं ती जादू कुठनं येते ते बघायला पाहिजे.

पहिल्यांदा मॅच. 22 जून 1986, रविवार, मेक्सिको सिटी, अझ्टेका स्टेडियम, आत 1,14,580 माणसं. वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. चारच वर्षांपूर्वी, 1982 ला, फॉकलंड बेटांवरनं ह्या दोन देशांत खरं युद्ध झालेलं, त्यामुळं मैदानात बॉल एक आणि डोक्यात विषय दुसराच. 51 व्या मिनिटाला मॅराडोना बॉल पुढे देऊन पेनल्टी एरियात घुसला, इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजनं बॉल मागं उडवला तो नेमका आपल्याच गोलकीपरच्या डोक्यावर. गोलकीपर पीटर शिल्टन सहा फुटी, वर हात लांब करून उडी मारणारा, आणि मॅराडोना 1.65 मीटर, म्हणजे आपला साधा पाच फूट पाच इंच. तरी बॉल आधी लागला कुणाला तर मॅराडोनाला. कसा? डाव्या मुठीनं. ट्युनिशियाचे रेफरी अली बेनासूर यांना दिसलं नाही, लाईन्समनचा झेंडा वर गेला नाही, गोल! नंतर तो स्वतःच म्हणाला की थोडं मॅराडोनाचं डोकं आणि थोडा देवाचा हात. तेव्हापासनं तो गोल 'हँड ऑफ गॉड'.

आणि चारच मिनिटांनी त्याच माणसानं आपल्याच हाफमध्ये बॉल घेतला, गर्रकन वळला आणि सुटला. साधारण 60 मीटर, दहा-अकरा सेकंद, एकेक इंग्लिश प्लेयर मागं टाकत, शेवटी शिल्टनला पण चकवून गोल. ह्याला पुढे शतकाचा गोल म्हणून निवडलं. म्हणजे इतिहासातला सगळ्यात लबाड गोल आणि सगळ्यात देखणा गोल, दोन्ही एकाच माणसाचे, चार मिनिटांच्या अंतरानं. 81 व्या मिनिटाला लिनेकरनं इंग्लंडसाठी एक मारला, मॅच 2-1. ज्या हॉजच्या चुकीनं पहिला गोल झाला त्यानंच मॅच संपल्यावर मॅराडोनाची जर्सी अदलाबदलीत मागून घेतली आणि 2022 ला ती लिलावात 71 लाख पौंडांना गेली. चूक करावी तर अशी.

आता तारखेचं. मॅच मेक्सिकोत भर दुपारी 12 ला सुरू झाली. जूनचं ऊन, वर समुद्रसपाटीपासनं सव्वादोन हजार मीटर उंची, श्वास पुरत नाही, असल्यात दुपारी 12 ला कोण खेळवतंय? टीव्ही खेळवतो. मेक्सिकोत दुपारचे 12 म्हणजे तेव्हा युरोपात रात्रीचे 8, जेवून सोफ्यावर बसायची वेळ. आणि मेक्सिको आपल्या साडेअकरा तास मागं. म्हणजे बेळगावात मॅच सुरू झाली रात्री साडेअकराला. पहिला हाफ 45 मिनिटं, मधली सुट्टी, वर सहा मिनिटं. देवाचा हात पडला तेव्हा आमच्या गल्लीत साडेबारा वाजून गेलेले, तारीख 23 जून, वार सोमवार. काकांचा चौकोन बरोबर.

मग मी बाकीच्या 22 जूनांना पण हेच गणित लावत बसलो, ते नंतर सांगतो. आधी हे की एवढ्या मोठ्या मॅचेस ह्याच तारखेला का.

आपल्याकडं गावाकडच्या शाळेत शिकलेल्या जुन्या माणसांची जन्मतारीख विचारा. खानापूर तालुक्यात जावा, निपाणी-चिक्कोडीकडं जावा, चंदगडला जावा, निम्मी माणसं 1 जूनला जन्मलेली! आमचे काका पण 1 जूनचेच. त्या दिवशी आकाशात काय ग्रहांचा योग नव्हता, योग होता हेडमास्तरांचा. शाळा सुरू होताना पोराला आणून उभं केलं, बापाला तारीख आठवत नाही, "शेंगा काढतावेळी झाला बघा" एवढंच माहिती, मग मास्तर वयात बसेल असं वर्ष धरायचे आणि 1 जून लिहून मोकळे. कागदावर बघणाऱ्याला वाटेल काय चमत्कार आहे, एका दिवशी एवढी माणसं!

फुटबॉलमध्ये पण असलाच एक हेडमास्तर आहे. युरोपातले मोठे लीग ऑगस्टला सुरू होऊन मे महिन्यात संपतात, प्लेयर्सची काँट्रॅक्ट बहुतेक 30 जूनला संपतात. देशादेशांच्या मोठ्या स्पर्धा, वर्ल्ड कप आणि युरो (युरोपातल्या देशांची), ह्याच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवायच्या. सुरुवात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, फायनल महिन्याच्या शेवटी नाहीतर जुलैच्या मध्यापर्यंत. वर्ल्ड कप चार वर्षांनी, युरो पण चार वर्षांनी, दोन्हीत दोन वर्षांचं अंतर, म्हणजे एक वर्षाआड जूनमध्ये मोठा तमाशा असतोयच. फायनल 29-30 जूनला असली की आठवडाभर आधी क्वार्टर फायनल येते, बोटं मोजा, 21-22 जून. फायनल जुलैत असली तर तीच तारीख ग्रुपच्या दुसऱ्या-तिसऱ्या मॅचवर येते, जिथं कोण राहणार कोण जाणार ठरतं. कसं पण फिरवा, 22 जून मोक्याच्या जागीच पडतो. कतारचा वर्ल्ड कप उन्हामुळं नोव्हेंबर-डिसेंबरला नेला, तर 2022 चा 22 जून कोरडा गेला, एवढं सोपं आहे ते.

आमच्याकडं ह्याच दिवसांत मृग संपून आर्द्रा लागते, भातपट्ट्यात चिखल झालेला असतो, आणि टिळकवाडीच्या लेले ग्राऊंडवर पोरं गुडघाभर पाण्यात बॉल शोधत असतात. बॉल पाण्यात अडकतो आणि प्लेयर पुढे जातो, हे ज्यानं बघितलं नाही त्यानं फुटबॉल बघितलाच नाही असं माझं मत.

आता स्पेनची गोष्ट, ह्या तारखेतला खरा मसाला. बघा काय काय झालं.

1986, तोच 22 जून, मॅराडोनाची मॅच संपल्यावर थोड्या वेळात पुएब्लामध्ये स्पेन विरुद्ध बेल्जियम क्वार्टर फायनल. 1-1. पेनल्टीवर गेली. पेनल्टी शूटआऊट म्हणजे काय तर गोलपासनं 11 मीटरवर बॉल ठेवायचा, समोर फक्त गोलकीपर, दोन्ही बाजूनं पाच-पाच जणांनी मारायचं, बरोबरी राहिली तर पुढं एकेक. स्पेनच्या एलॉयची पेनल्टी बेल्जियमच्या पफाफनं अडवली आणि स्पेन 5-4 नं घरी.

1996, 22 जून, युरोची क्वार्टर फायनल, लंडनचं वेम्बली, स्पेन विरुद्ध इंग्लंड. 0-0. परत पेनल्टी, इंग्लंड 4-2. इंग्लंड पेनल्टीवर जिंकली म्हणजे स्पेनचं नशीब किती वाईट ते समजून घ्या, कारण पेनल्टीवर हरणं हा इंग्लंडचा घरचा धंदा. त्या दिवशी स्टुअर्ट पिअर्स, ज्यानं 1990 च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला पेनल्टी घालवलेली, तो पुढं आला, मारला, आणि असा ओरडला की सहा वर्षांचं सगळं घशातनं बाहेर पडलं.

2002, 22 जून, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, दक्षिण कोरियातलं ग्वांगजू, समोर यजमान कोरियाच. ही मॅच मी स्वतः बघितलीय, शनिवार होता, आपल्याकडं बरोबर दुपारी 12 ला सुरू, खडेबाजारातल्या एका हॉटेलात एक प्लेट भजी घेऊन दोन-अडीच तास उभा, मालक वैतागून दोनदा विचारून गेला आणि काय पाहिजे काय म्हणून. स्पेननं बॉल दोनदा जाळ्यात घातला, दोन्ही रद्द. दुसऱ्याची सल जास्त. एक्स्ट्रा टाईम सुरू होऊन दोनच मिनिटं झालेली, होआकिननं उजवीकडच्या शेवटच्या रेषेवरनं बॉल आत टाकला, मोरिएन्तेसनं डोक्यानं मारला, गोल. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, एक्स्ट्रा टाईममध्ये पहिला गोल झाला की मॅच तिथंच खल्लास. म्हणजे स्पेन सेमीफायनलला. खरं लाईन्समनचा झेंडा वर, म्हणे बॉल आधीच रेषेबाहेर गेलेला.

इथं नियम समजून घेण्यासारखा आहे, कारण आपलं डोकं कबड्डीचं. कबड्डीत पाय रेषेबाहेर जमिनीला लागला की बाद, बोट लागलं तरी बाद. फुटबॉलमध्ये उलट, बॉल पूर्णच्या पूर्ण रेषा ओलांडून पलीकडं गेला तरच बाहेर, रेषेवर नुसता दोराएवढा भाग राहिला, हवेत असला तरी, बॉल आतच. रिप्लेमध्ये बॉल आत होता हे भजी तळणाऱ्याला पण दिसलं. तेव्हा व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची सोय, नव्हता. 0-0, पेनल्टी, ज्या होआकिननं तो बॉल टाकलेला त्याचीच पेनल्टी अडवली गेली, कोरिया 5-3. मी भजीचे पैसे दिले आणि गप घरी आलो.

तीन क्वार्टर फायनल, तीन पेनल्टी, तीन पराभव, एकच तारीख. स्पेनवाल्यांनी ह्या तारखेचा धसका घेतला ह्यात नवल नाही, आपण असतो तर नारळ फोडून लिंबू-मिरची बांधून मोकळे झालो असतो. आणि मग 2008 ची युरो, क्वार्टर फायनल, व्हिएन्ना, समोर इटली, तारीख? 22 जून. मॅच 0-0. पेनल्टी! तिथल्या लोकांच्या पोटात काय गोळा आला असेल. खरं ह्या वेळी गोलकीपर कासियासनं दोन अडवल्या, दे रॉसीची आणि दी नाताल्येची, आणि शेवटची पेनल्टी 21 वर्षांच्या सेस्क फाब्रेगासकडं. त्यानं घातली. 4-2. हाच कासियास 2002 ला पण गोलमध्ये उभा होता. एका आठवड्यानं स्पेननं युरो जिंकली, 1964 नंतर पहिल्यांदा मोठा कप, मग 2010 चा वर्ल्ड कप, मग 2012 ची युरो. दार एकदा उघडलं ते उघडलंच.

शाप होता का? गणितानं बघूया. क्वार्टर फायनल त्या तारखेला येते ते हेडमास्तरमुळं, ते झालं. पेनल्टी शूटआऊट म्हणजे मोठ्या मानानं नाणं उडवल्यासारखंच, निम्मं-निम्मं. तीनदा नाणं उडवून तिन्ही वेळा उलटं पडायची शक्यता आठात एक. आठात एक म्हणजे काय दुर्मीळ नाही, पत्त्यात याच्यापेक्षा वाईट हात येतात. आणि मुख्य म्हणजे आपण स्पेन आणि 22 जून ही जोडी आधी ठरवून शोधायला गेलेलो नाही, ती सापडली म्हणून सांगतोय. डझनभर मोठे देश, जूनच्या तीस तारखा, एवढी वर्षं, कुठंतरी कोणाचंतरी असं जुळणारच. वर्गात फक्त 23 पोरं असली तरी दोघांचा वाढदिवस एका दिवशी यायची शक्यता निम्म्याहून जरा जास्तच असते, कारण जोड्या 253 होतात. (आमच्या काकांच्या वर्गात ती शक्यता शंभर टक्के होती, 1 जून.)

खरं सगळंच असं गणितात बसवून चालत नाही, काही 22 जून मोजून संपत नाहीत.

1974 चा घ्या. हॅम्बुर्ग, वर्ल्ड कप, पश्चिम जर्मनी विरुद्ध पूर्व जर्मनी. एकच भाषा, एकच आडनावं, मधे काटेरी तार आणि बर्लिनमध्ये भिंत. सीनियर संघांची ही दोघांत झालेली एकमेव मॅच, आधी नाही, नंतर नाही. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे जास्त सांगावं लागत नाही. आमची आत्या कोल्हापूरला दिली, आम्ही इकडं, बसच्या पाटीवरची लिपी निपाणीच्या पुढं बदलते, सणाला ये-जा चालूच. आमच्यात भिंत नाही, एवढाच काय तो फरक, आणि तो लई मोठा फरक आहे. पूर्वेकडनं मॅचला सरकारनं निवडलेलीच माणसं आली. 77 व्या मिनिटाला युर्गेन श्पारवासरनं गोल केला आणि पूर्व जर्मनी 1-0 नं जिंकली, यजमानाच्या घरात.

आता ह्यातली मेख. जिंकल्यामुळं पूर्व जर्मनी ग्रुपमध्ये पहिली आली आणि पुढच्या फेरीत कुठल्या गटात गेली तर नेदरलँड्स, ब्राझील, अर्जेंटिना. हरलेल्या पश्चिम जर्मनीला मिळाले पोलंड, स्वीडन, युगोस्लाव्हिया. ते पण सोपे नव्हते, पोलंड तर त्या वर्षी जोरात होता, तरी त्या तिघांपेक्षा बरे. हरलेला भाऊ 7 जुलैला म्युनिकमध्ये नेदरलँड्सला 2-1 नं हरवून जगज्जेता झाला. आणि तो गोल करणारा श्पारवासर, 1988 ला स्वतःच पश्चिमेला पळून गेला.

1992 चा 22 जून हसरा आहे. युरो, गोथेनबर्ग, डेन्मार्क विरुद्ध नेदरलँड्स, सेमीफायनल. डेन्मार्क खरं तर स्पर्धेतच नव्हता, युगोस्लाव्हियावर युद्धामुळं निर्बंध आले, त्यांना काढलं आणि दहा-बारा दिवसांवर आलेल्या स्पर्धेत ह्यांना ऐनवेळी बोलावलं, पंगतीत एक पान रिकामं राहिलं म्हणून शेजाऱ्याला हाक मारावी तसं. 2-2, पेनल्टी, आणि नेदरलँड्सच्या व्हॅन बास्टेनची पेनल्टी डेन्मार्कचा गोलकीपर श्मायकेलनं अडवली. शेजारी फायनलला पोचला आणि 26 जूनला जर्मनीला 2-0 हरवून कप घेऊन घरी.

आणि 1994. ह्यावर मला जास्त लिहवत नाही. कॅलिफोर्नियात पासाडेना, कोलंबिया विरुद्ध अमेरिका. कोलंबियानं आदल्या सप्टेंबरात ब्युनोस आयर्समध्ये जाऊन अर्जेंटिनाला 5-0 हरवलेलं, वर्ल्ड कप हेच नेणार असं मोठी मोठी माणसं बोलत होती. डावीकडनं आलेला क्रॉस अडवायला आंद्रेस एस्कोबारनं पाय लांब केला आणि बॉल आपल्याच गोलमध्ये. 2-1 नं हरले, स्पर्धेतनं गेले. दहा दिवसांनी, 2 जुलैला, मेडेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. वय 27. "आजच्या दिवशी" म्हणून जेव्हा हे चार ओळीत, खाली बॉलचं चित्र लावून येतं तेव्हा मी ते पुढं पाठवत नाही.

आता ते राहिलेलं गणित. मी प्रत्येक मॅचला आपली वेळ लावली. 1974 ची हॅम्बुर्गची मॅच आपल्याकडं मध्यरात्री सुरू, म्हणजे गोल 23 ला. 1992 चं शूटआऊट, 23. एस्कोबार, 23 ची पहाट, आमच्याकडं दूधवाला यायच्या वेळेला. 1986 ची स्पेनची मॅच पहाटे साडेतीनला सुरू, 23. 2008 ला शाप सुटला तो मध्यरात्रीनंतर, 23. फक्त 1996 ची संध्याकाळी साडेसातला आणि 2002 ची माझी भजीवाली, एवढ्या दोनच 22 ला. म्हणजे जगाचा 22 जून बेळगावात बहुतेक 23 जूनच आहे, आणि स्पेनचा शाप आमच्या कॅलेंडरवर लावला तर त्याचे तीन तुकडे एका चौकोनात बसतच नाहीत.

मी हे सगळं कागदावर मांडून जेवताना घरच्यांना ऐकवलं. काका खूश, बघ म्हटलं नव्हतं काय. तेवढ्यात आजी, नव्वदीची, ताटातनं मान वर न करता, "सूर्य उगवला होता काय तेव्हा?"

म्हटलं नाही, रात्रीचे साडेबारा.

"मग रविवारच तो. वार सूर्याला बदलतो, घड्याळाला नाही."

पंचांगाचा नियम हाच आहे, वार सूर्योदयापासनं सूर्योदयापर्यंत. म्हणजे आजीच्या हिशेबानं देवाचा हात रविवारीच पडला आणि मेक्सिको आणि वडगाव एकाच वारावर आले. मी काकांकडं बघितलं, आता काय म्हणता?

काका म्हणाले, "मला काय विचारालास. मी मॅच कुठं लिहिलोय त्यात." मग चष्मा लावून ते पान उजेडाकडं धरून त्यांनी फुगलेले शब्द वाचून दाखवले. गल्लीतली चौदा माणसं आमच्या टीव्हीसमोर बसलेली, रात्रीत दोनदा चहा झाला, घरातलं दूध संपलं, सकाळी जादा घ्यावं लागलं, आणि आजी महिन्याच्या शेवटी विचारणार हे माहिती होतं. 23 च्या चौकोनात लिहिलेलं ते असं होतं: दूध 1 लि. जादा, मॅराडोना.